समुद्रात फिरणारे आर्गो फ्लोट आणि आपला पाऊस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबाजोगाई भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. सागरी प्रवाहांचा धडा आला की वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, समुद्राच्या पोटात काय चाललंय हे कळतं कसं?" गावी गेल्यावर पारावरची मंडळीही विचारतात, फक्त त्यांचं बोलणं पावसापासून सुरू होतं आणि समुद्रावर येऊन थांबतं. दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही किनारा नाही. तरी आपल्या विहिरीत उतरणारं पाणी आधी समुद्रातच असतं, म्हणून हा विषय मला घरचा वाटतो.

आर्गो फ्लोट म्हणजे नेमकं काय?

बोअरमध्ये सोडायची सबमर्सिबल मोटर तुम्ही पाहिली असेल. साधारण तसंच लांबट नळकांडं, पण जास्त जाड, आणि डोक्यावर अँटेना. वजन २० ते ३० किलो, उंची अँटेनासकट जवळपास माणसाएवढी. आत बॅटरी, छोटा संगणक आणि तेलाचा पंप. वरच्या टोकाला तापमान, खारेपणा आणि दाब मोजणारे सेन्सर. त्याला पंखा नाही, सुकाणू नाही, जहाजाशी बांधलेली दोरीही नाही. एकदा समुद्रात सोडला की चार-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त काळ, तो प्रवाहाबरोबर वाहतो आणि ठरल्या वेळी खाली-वर करून आकडे पाठवतो. अशा हजारो फ्लोटच्या जागतिक जाळ्याला 'आर्गो' म्हणतात.

पंखा नाही, दोरी नाही. मग वर-खाली जातो कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, त्यामुळे इथे थोडं सविस्तर लिहितो.

आडात सोडलेला रिकामा पोहरा तरंगतो, पाणी भरलं की बुडतो. तिथे पोहऱ्याचं वजन बदलतं. फ्लोटचं वजन मात्र कधीच बदलत नाही, बदलतं ते त्याचं आकारमान. त्याच्या बुडाशी, बाहेरच्या बाजूला, रबरी पिशवी असते. आतल्या टाकीतलं तेल पंपाने या पिशवीत ढकललं की पिशवी फुगते. वजन तेवढंच, पण जागा जास्त व्यापली, म्हणजे बाजूला सारलेलं पाणी वाढलं आणि फ्लोट वर येऊ लागला. तेल परत आत घेतलं की पिशवी आक्रसते आणि तो खाली जातो. ट्रॅक्टरची ट्रॉली ज्या हायड्रॉलिक तेलाने उचलली जाते, तशीच ही युक्ती, फक्त उचलायची वस्तू म्हणजे फ्लोट स्वतःच.

यासाठी तेल किती लागतं? पाव लिटरच्या आसपास! एवढ्याशा तेलावर २५ किलोचं यंत्र दोन किलोमीटर खाली-वर कसं करतं, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. हिशेब करून दाखवला की बसतो. समुद्राचं पाणी खाली जावं तसं थंड आणि दाबामुळे दाट होत जातं, पण पृष्ठभाग आणि २००० मीटर यांच्या घनतेत फरक असतो तो जेमतेम एक-सव्वा टक्क्याचा. २५ लिटरचा एक टक्का म्हणजे पाव लिटर. तेवढं आकारमान बदललं की काम झालं.

वर्गात मी हे प्लास्टिकच्या बाटलीत करून घेतो. बाटली काठोकाठ भरायची, औषधाच्या ड्रॉपरमध्ये थोडं पाणी घेऊन तो आत तरंगता सोडायचा आणि झाकण घट्ट लावायचं. बाटली दाबली की ड्रॉपर बुडतो, सोडली की वर येतो. इथे ड्रॉपरमध्ये पाणी शिरतं, फ्लोटमध्ये तेल सरकतं. पण तरंगणं आणि बुडणं किती थोडक्यावर ठरतं, हे हाताला कळतं.

दहा दिवसांचा फेरा कसा असतो?

पृष्ठभागावरून निघून फ्लोट १००० मीटरवर उतरतो आणि तिथे नऊ-एक दिवस नुसता वाहत राहतो. इतक्या खोलीवर प्रवाह मंद असतात, त्यामुळे तो फार दूर भरकटत नाही. अंधार आणि थंडी असल्याने सेन्सरवर शेवाळ-शंखही कमी चढतात. मग तो आणखी खाली, २००० मीटरपर्यंत जातो. तिथे दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०० किलो. तिथून सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर वेगाने वर येताना तो वाटेतल्या पाण्याचं तापमान, खारेपणा आणि दाब नोंदवत येतो. या चढाईला सहा तासांच्या आसपास लागतात. वर आला की उपग्रहाला आकडे देतो आणि पुन्हा बुडी मारतो.

खालूनच संदेश का पाठवत नाही?

रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत, म्हणून. जीपीएससुद्धा पाण्याखाली चालत नाही. त्यामुळे तो कुठे आहे हे दहा दिवसांतून एकदाच, वर आल्यावर कळतं. मागची जागा आणि आताची जागा यांतलं अंतर मोजलं की १००० मीटरवरच्या प्रवाहाचा वेग आणि दिशाही हाती येते. वाहत जाणं हेसुद्धा इथे एक मोजमापच आहे. जुन्या फ्लोटना संदेश पोहोचवायला कित्येक तास पृष्ठभागावर थांबावं लागे, आता इरिडियम उपग्रहांमुळे काही मिनिटांत काम होतं.

असे फ्लोट किती आहेत?

जवळपास ४०००, आणि त्यात सुमारे ३० देशांचा हातभार आहे. जाळं उभारायला १९९९-२००० मध्ये सुरुवात झाली, ३००० फ्लोटचा टप्पा नोव्हेंबर २००७ मध्ये गाठला. दिवसाला सरासरी ४०० फ्लोट कुठे ना कुठे वर येऊन आकडे देतात.

हे ऐकून समुद्र फ्लोटनी गजबजलेला असेल असं वाटतं, पण तसं नाही. दर तीन अंश अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत एक फ्लोट, असा मूळ बेत आहे. विषुववृत्ताजवळ अशी चौकट लाखभर चौरस किलोमीटरची होते. आपला अख्खा मराठवाडा साधारण ६४ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे सिल्लोडपासून उमरग्यापर्यंत आणि आष्टीपासून किनवटपर्यंत मिळून एक फ्लोटसुद्धा वाट्याला येणार नाही. आपल्याकडे भूजल विभाग गावागावांतल्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजतो. एवढ्या प्रदेशात अशी एकच विहीर असती तर काय झालं असतं, याचा विचार करा. समुद्रात मात्र एवढ्यावरही बरंच कळतं, कारण तिथले मोठे बदल शेकडो किलोमीटर पसरलेले आणि सावकाश होणारे असतात.

फ्लोट येण्याआधी काय करायचे?

जहाज न्यायचं, थांबवायचं, दोराला उपकरण बांधून खाली सोडायचं. ब्रिटनच्या चॅलेंजर जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरून असंच मोजमाप केलं. पद्धत चांगली, पण जहाज एका वेळी एकाच ठिकाणी असतं. शिवाय दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांत कोण जाणार? तिथले महिनेच्या महिने कोरे राहायचे. १९५५ मध्ये जॉन स्वॅलो यांनी ठराविक खोलीवर तरंगत राहणारा फ्लोट बनवला आणि जहाजावरून त्याचा आवाज ऐकत त्याचा माग काढला. १९८९ मध्ये हेन्री स्टॉमेल यांनी समुद्रात आपोआप फिरणाऱ्या यंत्रांच्या ताफ्याचं चित्र लिहून ठेवलं, त्या वेळी ते कल्पनेतलंच होतं. दहा-बारा वर्षांत पहिले आर्गो फ्लोट पाण्यात पडले.

उपग्रह असताना यांची गरज काय?

उपग्रहाला समुद्राची कातडी दिसते, पोट दिसत नाही. पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याची उंची तो उत्तम मोजतो. पाण्याची उंची वाढली हे कळतं. पण ती खालचं पाणी तापून फुगल्यामुळे वाढली की बर्फ वितळून पाण्यात भर पडल्यामुळे, हे ठरवायला खालचे आकडे लागतात. म्हणून दोघं जोडीने काम करतात. नावातही ही जोडी आहे. ग्रीक पुराणातला वीर जेसन आर्गो नावाच्या जहाजातून निघतो. समुद्राची उंची मोजणाऱ्या, २००१ मध्ये सोडलेल्या उपग्रहाचं नाव जेसन, म्हणून फ्लोटच्या जाळ्याचं नाव आर्गो.

खारेपणा कशाला मोजायचा? पाणी खारट आहे हे माहीतच आहे की.

खारट आहे, पण सगळीकडे सारखं नाही. एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, त्यामुळे तिथे ३६ च्याही वर. बंगालच्या उपसागरात पाऊस जास्त आणि मोठ्या नद्या येऊन मिळतात, त्यामुळे उत्तरेला पावसाळ्यानंतर ३० च्याही खाली. फ्लोट हे चव घेऊन ठरवत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून ठरवतो. क्षार जास्त, तर वीज सहज वाहते.

आता आपल्या गोदावरीकडे या. पैठण, गंगाखेड, नांदेड करत ती तेलंगण-आंध्रातून बंगालच्या उपसागराला मिळते. गंगा-ब्रह्मपुत्रेपुढे तिचा वाटा लहान आहे, पण तीही त्याच उपसागरात गोडं पाणी ओतते. हे गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर थराने पसरून राहतं आणि झाकणासारखं काम करतं. वारा कितीही घुसळू दे, खालचं थंड पाणी सहजी वर येत नाही. उन्हाची ऊष्णता वरच्या पातळ थरातच राहते, पृष्ठभाग २८ अंशांच्या वर टिकतो, आणि अशा उबदार पाण्यावर कमी दाबाचे पट्टे तयार व्हायला अनुकूल स्थिती असते. ते ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ असे पश्चिमेकडे सरकले की ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस होतो. नांदेडच्या घाटावरून गेलेलं पाणी त्या झाकणाचा एक छोटासा भाग होतं, हे वर्गात सांगताना मला दर वेळी भरून येतं.

हे सगळं ठीक, पण आमच्या पावसाच्या अंदाजात याचा उपयोग काय?

मोसमी पावसाचा लांबचा अंदाज हवेवरून फारसा काढता येत नाही, हवा चार-आठ दिवसांत मागचं विसरते. समुद्र विसरत नाही. वरचं जेमतेम तीन मीटर पाणी जेवढी ऊष्णता साठवतं, तेवढी साठवायला सगळं वातावरण लागतं. एप्रिलमध्ये जूनबद्दल काही म्हणायचं असेल तर समुद्रात किती ऊष्णता कुठे आणि किती खोल साठली आहे, हे आधी माहीत हवं.

एल निनोचं उदाहरण घ्या. प्रशांत महासागराच्या पश्चिमेकडचं उबदार पाणी पूर्वेकडे सरकतं, आणि ते आधी पृष्ठभागाखालून सरकतं. वर तापमान वाढलेलं दिसण्याआधी काही आठवडे ते काही महिने खाली त्याची चाहूल लागते. ही चाहूल फ्लोट आणि तिथे नांगरलेली तरंगती मोजणी-यंत्रं (बॉय) देतात. आपला हवामान विभाग एप्रिलच्या मध्यात पहिला अंदाज देतो आणि मेच्या अखेरीस तो सुधारतो. त्यामागच्या प्रारूपांमध्ये, म्हणजे संगणकावरच्या मॉडेलमध्ये, समुद्र आणि वातावरण एकत्र जोडलेले असतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने अशाच प्रारूपावर काम केलं. समुद्राची आजची स्थिती चुकीची भरली तर पुढचं सगळं गणित चुकतं, ती बरोबर भरण्यात फ्लोटचे आकडे कामी येतात.

एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच ना?

नाही, आणि ही समजूत शेतकऱ्यांचं नुकसान करते. १९९७ चा एल निनो फार जोरदार होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००९ मध्ये एल निनो त्या मानाने सौम्य, आणि पाऊस ७८ टक्क्यांवर आला. हिंदी महासागराची स्वतःची एक झुलती तराजू आहे: कधी आफ्रिकेकडची बाजू जास्त तापते, कधी इंडोनेशियाकडची. याला हिंदी महासागर द्विध्रुव म्हणतात आणि शास्त्रज्ञांनी तो १९९९ मध्ये नेमका ओळखला. पश्चिमेची बाजू तापली तर आपल्याला बहुधा फायदा होतो. १९९७ मध्ये तसंच झालं होतं. २०१९ मध्येही ती बाजू तापली आणि देशाचा पाऊस ११० टक्क्यांवर गेला. २०१५ मध्ये मात्र एल निनोच्या वर्षी पाऊस ८६ टक्केच झाला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ते दिवस इथे कुणाला वेगळे सांगायला नकोत.

मग मृगात पेरावं की थांबावं, हे फ्लोट सांगेल का?

सांगणार नाही. मी हे स्पष्टच लिहितो, कारण आमच्या घरी अर्धवट ऐकलेल्या अंदाजावर विसंबून एका वर्षी दुबार पेरणी झाली आहे आणि बियाण्याचे पैसे दोनदा गेले आहेत. फ्लोटच्या आकड्यांनी हंगामाचा मोठा कल सुधारतो. तुमच्या शिवारात कोणत्या तारखेला पाऊस पडेल, हे त्यातून निघत नाही. पेरणीसाठी जमिनीत किती बोटं ओल उतरली ते पाहा, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला वाचा.

भारताचं यात काय काम आहे?

बरंच आहे, आणि ते आपल्या शेजारीच चालतं. हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, त्याला सगळे 'इन्कॉइस' म्हणतात. १९९९ मध्ये स्थापन झालेलं हे केंद्र भारताचे फ्लोट सोडण्याचं नियोजन करतं, त्यांचे आकडे तपासतं आणि हिंदी महासागरासाठी आर्गोचं प्रादेशिक केंद्र म्हणूनही काम पाहतं. समुद्राचा हिशेब ठेवणारं केंद्र दख्खनच्या पठारावर आहे, हे मुलांना फार आवडतं. जगभरचे आकडे शेवटी दोन ठिकाणी जमा होतात, एक फ्रान्समध्ये आणि एक अमेरिकेत.

यंत्र चुकत नाही का?

चुकतं. आकडे साधारण २४ तासांत आपोआप चाळून खुले केले जातात. नंतर तज्ज्ञ आजूबाजूचे फ्लोट आणि जहाजांवरची मोजमापं यांच्याशी ताडून ते पुन्हा दुरुस्त करतात. २००६ मध्ये समुद्राचा वरचा भाग थंड होतोय, असा निष्कर्ष एका अभ्यासात निघाला होता. पुढच्याच वर्षी लक्षात आलं की काही फ्लोट दाबाची, म्हणजे खोलीची, नोंद चुकीची करत होते, शिवाय जहाजांवरून टाकायच्या जुन्या उपकरणांतही खोट होती. त्याच शास्त्रज्ञांनी ही चूक जाहीरपणे दुरुस्त केली. पुढे खारेपणाच्या काही सेन्सरमध्ये आकडे हळूहळू जास्त खारट दाखवण्याचा दोष आढळला. चूक पकडण्याची सोय आधीच करून ठेवलेली असल्यामुळे मला या आकड्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

हवामान बदलाबद्दल यातून काय कळलं?

हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा ऊष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली आहे. हवेचं तापमान वर्षागणिक खाली-वर होतं, समुद्रातला साठा मात्र वाढतोच आहे. इतक्या भरवशाने हे म्हणता येतं, त्यात आर्गोचा वाटा मोठा आहे.

त्सुनामीचा इशारा हेच देतात का?

नाही. दहा दिवसांतून एकदा वर येणारं यंत्र त्या कामाचं नाही. त्यासाठी समुद्रतळावर दाब मोजणारी वेगळी उपकरणं असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणारं इशारा केंद्रही इन्कॉइसमध्येच आहे, २००७ पासून.

नवीन प्रकारचे फ्लोट आले आहेत का?

हो. काही आता ६००० मीटरपर्यंत उतरतात. काहींवर प्राणवायू, नायट्रेट, आम्लता, हरितद्रव्य, तरंगते कण आणि प्रकाश मोजणारे सेन्सर असतात. अरबी समुद्रासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिथे साधारण दीडशे मीटरच्या खाली मोठ्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. बहुतेक माशांना तिथे जगता येत नाही.

बॅटरी संपल्यावर काय होतं? कचराच की तो.

बहुतेक फ्लोट शेवटी तळाशी जातात. हे मला खटकतं, आणि विद्यार्थ्यांनाही खटकतं. शोधून आणायला जहाज पाठवावं तर त्याचं इंधन आणि खर्च फ्लोटपेक्षा जास्त होतो. साध्या फ्लोटची किंमत वीस हजार डॉलरच्या आसपास असते, जास्त सेन्सर असलेल्यांची त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे प्रत्येक फ्लोट जास्त वर्षं कसा टिकेल, यावर सध्या जोर आहे. मोजमापाची गरज आणि मागे राहणारा धातू यांची तुलना केली तर मी मोजमापाच्या बाजूने आहे; पण मुलांनी हा प्रश्न विचारणं सोडू नये.

कोकणात सहलीला गेलो आणि किनाऱ्यावर असा फ्लोट दिसला तर?

उघडू नका, आपटू नका, उन्हात गाडीच्या डिकीत टाकून आणू नका. आत बॅटरी असते आणि नळकांड्यात दाब साठलेला असू शकतो. फोटो काढा, अंगावरचा क्रमांक टिपून घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा तटरक्षक दलाला कळवा.

हे आकडे आम्हाला पाहता येतात का?

येतात, फुकट. इन्कॉइसच्या आणि आर्गोच्या संकेतस्थळांवर नकाशा उघडतो, ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या फ्लोटचा आलेख दिसतो. मी अकरावीच्या मुलांना दोन-दोनच्या जोड्या करून एकेक फ्लोट वाटून देतो, एक अरबी समुद्रातला, एक बंगालच्या उपसागरातला. दर दहा दिवसांनी वहीत तीन आकडे लिहायचे: पृष्ठभागाचं तापमान, पृष्ठभागाचा खारेपणा आणि तापमान झपाट्याने उतरायला लागतं ती खोली. शेजारच्या रकान्यात आपल्या गावचा त्या दहा दिवसांतला पाऊस. जूनला सुरू केलेली वही दिवाळीपर्यंत भरते. गेल्या वर्षी एका मुलीचा फ्लोट सप्टेंबरात वर आलाच नाही. ती रोज मोबाईलवर नकाशा उघडून बघायची, आणि तारखेसमोरचा रकाना तिने शेवटपर्यंत रिकामा ठेवला होता.